इस्लापूरच्या शिवारात एक दिवस

नांदेडच्या मोंढ्यात तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर खेळणाऱ्या पाच वर्षांच्या नातीला आजोबांनी एका सकाळी सहज विचारले, "तूर कुठून येते गं?" नातीने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, "ट्रकमधून."

दुकानातील सारे हसले. आजोबांना मात्र ते उत्तर दिवसभर सोडेना. तीन पिढ्यांपासून घराचा चरितार्थ धान्याच्या आडतीवर चाललेला. तुरीचा दाणा तळहातावर घेऊन तो कोणत्या शिवारातला हे सांगण्याची त्यांची ख्याती. आणि त्यांच्याच घरातील मुलीने तुरीचे झाड कधी पाहिलेले नाही. घरी विचारल्यावर सूनबाईंनीही हसून कबुली दिली, की त्यांनीही ते धावत्या गाडीच्या खिडकीतूनच पाहिले आहे.

त्यामुळे पौषातल्या एका रविवारी आजोबा, आजी, सूनबाई आणि नात अशी चौघे भल्या सकाळी इस्लापूरकडे निघाली. तिथल्या एका शेतकऱ्याचे आणि या दुकानाचे नाते दोन पिढ्यांचे. त्याचे वडील बैलगाडीने रेल्वे स्थानकापर्यंत माल आणीत, तो आता टेम्पोने आणतो. "एकदा आखाड्यावर या, शेठजी," हे त्याचे निमंत्रण दर हंगामात येई आणि दर हंगामात "येऊ, येऊ" म्हणून पुढे ढकलले जाई. या वेळी ते एका लहान मुलीच्या उत्तरामुळे स्वीकारले गेले.

नांदेडहून भोकर, तेथून हिमायतनगर आणि पुढे इस्लापूर असा हा रस्ता सुमारे शंभर किलोमीटरचा आहे. भोकर मागे पडले की सपाट काळ्या रानाचा नूर बदलतो. टेकड्या जवळ येतात, सागाची झाडे दिसू लागतात. हिमायतनगरचे जुने नाव वाढोणा. तेथील परमेश्वराचे मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. त्यापुढे किनवट तालुक्याचा वनप्रदेश सुरू होतो. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड नावाचे छोटे स्थानक आहे.

इस्लापूर हे गाव नकाशावर लहान असले तरी त्याच्या वाट्याला इतिहासाचे एक वेगळे पान आले आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते. इस्लापूरचा परिसर मात्र त्यांत नव्हता. इस्लापूर सर्कल हा आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्याचा भाग होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा या तालुक्यांबरोबर इस्लापूर सर्कलही मराठी मुलखाला जोडले गेले. म्हणून आजही इथल्या बाजारात मराठीच्या जोडीला तेलुगू कानावर पडते, बंजारा तांड्यांची गोरमाटी ऐकू येते, आणि डोंगरकडेच्या पाड्यांवर गोंड, आंध, कोलाम समाजाची वस्ती आढळते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर या गावाने एकाच पिढीत दोन राज्यांच्या बाजारपेठा अनुभवल्या आहेत.

शेतकऱ्याचा आखाडा गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला. मराठवाड्यात शेतातील वस्तीला आखाडा म्हणतात, हे सूनबाईंना तिथे गेल्यावर कळले. त्यांनी वाटेत कुस्तीच्या हौद्याची कल्पना केली होती. आखाडा म्हणजे पत्र्याचे छप्पर, त्याला लागून गोठा, कडब्याची गंजी, अंगणात तुळस, आणि चिंचेच्या सावलीत एक बाज. समोर कापसाचे रान होते, तिसऱ्या वेचणीला आलेले. त्याच्या पलीकडे वाळलेल्या शेंगांनी खुळखुळणारी तूर, उताराला हिरवागार हरभरा आणि विहिरीजवळच्या तुकड्यात पाने पिवळी पडत चाललेली हळद.

गाडीतून उतरताच नात धावत सुटेल, असे सर्वांना वाटले होते. ती धुऱ्यावर आली आणि जागीच थांबली. पायाशी काळ्या मुंग्यांची लांब रांग चालली होती. रविवारच्या पाठशाळेत तिने एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतचे जीव चित्रांवरून पाठ केले होते. घरातील चकचकीत फरशीवर ते ज्ञान पाळणे सोपे होते. इथे पायाखालची सारी जमीनच हलत होती.

"आजी, पाय कुठे ठेवू?" तिने रडवेल्या स्वरात विचारले.

"लेकरू भीतंय का, शेठजी?" शेतकरी काळजीने पुढे आला.

"भीत नाही," आजी म्हणाल्या, "विचार करतेय."

मग आजी तिच्याजवळ गेल्या. साधू-साध्वी विहार करताना समोरची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, त्याला ईर्यासमिती म्हणतात, हे त्यांनी तिला सांगितले. "पळायचं नाही, इकडेतिकडे बघत चालायचं नाही. समोर बघायचं, मोकळी जागा दिसली की तिथे पाऊल."

"पण मातीच्या आतले दिसत नाहीत ना!"

"म्हणून तर हळू चालायचं. आणि जे दिसले नाहीत त्यांची संध्याकाळी प्रतिक्रमणात क्षमा मागायची."

शेतकरी हे ऐकत होता. तो म्हणाला, "नांगर घातला, माय, की पांढरे बगळे बैलांच्या मागं मागं चालतात. वर आलेले किडे टिपायला. आम्हालाबी दिसतंय ते. पर पेरल्याबिगर कसं व्हावं?" त्याच्या बोलण्यात समर्थनाचा सूर नव्हता आणि अपराधाचाही नव्हता. रोज पाहिलेली गोष्ट त्याने सांगितली होती. नातीने आजीचे बोट धरले आणि मुंग्यांच्या रांगेवरून मोठी ढांग टाकून ती शेतात उतरली.

विहिरीवर दुसरा धडा झाला. मोटारीचे पाणी आखाड्यापर्यंत येत असूनही आजींनी पिण्यासाठी पोहऱ्याने पाणी काढायला सांगितले. बरोबर आणलेले जाड सुती कापड दुहेरी करून त्यांनी घागरीच्या तोंडावर धरले आणि सावकाश पाणी गाळले. नातीला हे नवे नव्हते. घरच्या नळालाही कापड बांधलेले असते. नवे होते ते पुढचे. आजींनी कापडाची वरची बाजू गाळलेल्या पाण्यानेच एका भांड्यात हळूच धुतली आणि ते पाणी खालच्या कडीला दोर बांधलेल्या बादलीतून विहिरीच्या तळाशी, पाण्याला टेकेपर्यंत सोडले. मगच बादली उलटी केली.

"ही जिवाणी," आजी म्हणाल्या. "कापडावर जे बारीक जीव राहिले, त्यांना त्यांच्याच घरी पोचवलं. वरून ओतलं असतं तर ते आपटले असते. दुसऱ्या पाण्यात टाकलं असतं तर ते जगले नसते."

शहरात नळ आला, पाण्याची टाकी आली आणि जिवाणी परत कुठे सोडायची हा प्रश्न अनुत्तरित राहिला. अनेक घरांत गाळणे उरले, परतवणे राहिले नाही. सूनबाईंनी लग्नानंतरच्या आठ वर्षांत ही क्रिया पूर्ण स्वरूपात प्रथमच पाहिली. जुने ग्रंथ आणि जुन्या आज्या ज्या जगात या गोष्टी सांगत होत्या, ते जग विहिरींचे होते. त्या जगात मूल एक दिवस जरी नेले, तरी पाठ केलेल्या शब्दांना आधार सापडतो.

गोठ्यात दोन तांबूस बैल रवंथ करीत बसले होते. ही लाल कंधारी जात, नांदेड जिल्ह्यातील कंधार तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी. शेजारच्या लातूर जिल्ह्याची देवणी जातही तितकीच नामांकित, पण तिच्या अंगावर काळे-पांढरे ठिपके. लाल कंधारीचा रंग मात्र शेतातल्या विटकरी धुळीशी नाते सांगणारा. नातीने लांबून हात जोडले, मग जवळ जाऊन एकाच्या कपाळाला बोट लावले आणि तो फुसकारताच आजोबांच्या मागे लपली.

थोड्या वेळाने तिला खुंटीवर टांगलेली एक दोरीची जाळी दिसली. "हा कसला झोळा?"

"मुसकं हाय, माय. कोळपणी करताना बैलाच्या तोंडाला बांधतो. न्हाईतर चालता चालता पीक खातंय."

"मग त्याला भूक लागली तर?"

हा प्रश्न ऐकून आजी बाजेवर बसल्या आणि त्यांनी वर्षीतपाची कथा काढली. जैन घरांत ती अक्षय्य तृतीयेला हमखास सांगितली जाते, पण ती गोठ्यात सांगण्याचा योग विरळा. भगवान ऋषभदेवांनी दीक्षा घेतल्यावर त्यांना वर्षभराहून अधिक काळ आहार मिळाला नाही. लोक रत्ने देत, हत्ती-घोडे देत; अन्न द्यावे हे कुणाला सुचेना. अखेर हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने उसाचा रस दिला आणि पारणे झाले, तो दिवस अक्षय्य तृतीयेचा. हे असे का घडले, याचे कारण परंपरेत सांगतात ते असे: राज्यावस्थेत त्यांनी शेतकऱ्यांना खळ्यावरील बैलांच्या तोंडाला मुसके बांधण्याचा उपाय सांगितला, काम झाल्यावर ते सोडा, हे सांगायचे राहून गेले. बैल उपाशी राहिले. तो अंतराय पुढे स्वतःच्या वाट्याला आला.

नात अवाक होऊन जाळीकडे पाहत राहिली. "एवढ्याशा विसरण्याने?"

शेतकऱ्याने ही कथा प्रथमच ऐकली होती. तो म्हणाला, "आमच्या बापानं शिकवलंय. काम झालं की आधी मुसकं काढायचं, मग जू. जू काढायला उशीर झाला तर चालंल, मुसक्याला न्हाई." आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी होणाऱ्या खांदेमळणीचे त्याने वर्णन केले. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, शेक द्यायचा आणि उद्या जेवायला या, असे बैलांना रीतसर आवतण द्यायचे. पोळा श्रावणातल्या अमावास्येला येतो. श्वेतांबर परंपरेतील पर्युषण त्याच्या दोन-तीन दिवस आधी सुरू झालेले असते. ज्या आठवड्यात मोंढ्यात "मिच्छामि दुक्कडम्"ची तयारी चाललेली असते, त्याच आठवड्यात शिवारात एक माणूस बैलाच्या खांद्यावरून क्षमेचा हात फिरवीत असतो. ही दोन दृश्ये इतकी वर्षे शेजारी शेजारी होती. आजोबांनी ती एकत्र कधी पाहिली नव्हती.

आजींनी नातीला श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचारही सांगितले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जनावराला जखडून बांधणे, मारणे, त्याचे अवयव कापणे, सोसणार नाही इतके ओझे लादणे, खाणेपिणे तोडणे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील ही यादी पाठशाळेत घोकली जाते. गोठ्यात उभे राहिले की तिच्यातील प्रत्येक शब्दाला दावे, चाबूक, वेसण, गाडी आणि मुसके असा एकेक पदार्थ मिळतो.

हरभऱ्याच्या शेतात ढाळे उपटून हुळा भाजण्याची इकडची हिवाळी रीत. शेतकऱ्याच्या घरच्यांनी गोवऱ्या रचूनही ठेवल्या होत्या. आजींनी नम्रपणे नकार दिला. घाट्यात अळी असते आणि आगीत ती दिसत नाही. त्याऐवजी सर्वांनी बसून एकेक घाटा सोलला, दाणा पाहिला आणि मग खाल्ला. सातव्या-आठव्या घाट्यात नातीला हिरवी अळी सापडली. तिने तो घाटा उघडाच परत झाडाखाली ठेवला.

शेतकरी हसला, पण त्याचे हसणे फार वेळ टिकले नाही. ही घाटेअळी त्याचे अर्धे पीक खाऊ शकते. निंबोळीचा अर्क, कामगंध सापळे, पाखरांना बसण्यासाठी शेतात रोवलेल्या काठ्या असे उपाय तो आधी करतो; तरी काही वर्षी औषध फवारावे लागते. २०१७ च्या हंगामात नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून त्याच्या घरात पंप पाठीवर घेण्याआधी तोंड बांधल्याशिवाय कुणी शेतात जात नाही. अळीचा जीव, माणसाचा जीव आणि घरातील खर्चाची मिळवणी, हे तिन्ही हिशेब त्याला एकाच सकाळी करावे लागतात. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा उल्लेख आहे, याची आजोबांना त्या वेळी आठवण झाली. ती त्यांनी बोलून दाखवली नाही.

दुपारी हळदीच्या तुकड्यात शेतकऱ्याच्या पत्नीने मुलीला दाखवण्यासाठी एक गड्डा खणून काढला. माती झटकताच आतला केशरी रंग दिसला आणि नात ओरडली, "आजी, हळद तर जमिनीखाली! कंदमूळ! आपण तर रोज खातो!"

आजींनी शांतपणे समजावले. ओल्या कंदात अनंत जीव मानले आहेत, म्हणून ओली हळद वर्ज्य. वाळून अचित्त झालेली हळद चिमूटभर, औषधासारखी वापरली तर चालते. नातीने मान डोलावली. मग विचारले, "मग ती वाळवतं कोण?"

"आम्हीच की, माय," शेतकऱ्याची पत्नी सहज म्हणाली. "खणून काढतो, शिजवतो, उन्हात घालतो. मग तुमच्या आजोबांच्या मोंढ्यात येती."

त्यावर कुणी काही बोलले नाही. जैन आचारात कर्म केवळ स्वतः केल्याने बांधले जात नाही. करवून घेतल्याने आणि त्याला संमती दिल्यानेही बांधले जाते. कृत, कारित, अनुमोदित अशी त्याची तीन रूपे सांगितली आहेत. जमीन फोडण्याचे काम जीवहिंसेचे म्हणून अनेक श्रावक घराणी पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात राहिली. पण परंपरेचे चित्र याहून मोठे आहे. असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे ऋषभदेवांनीच शिकवली, असे आदिपुराण सांगते; त्यांत नांगर आणि तराजू एकाच ओळीत आहेत. उपासकदशांगातील आनंद श्रावक तर नांगर आणि गाईंचे कळप बाळगणारा गृहस्थ होता. महावीरांपुढे त्याने शेती सोडली नाही, तिला मर्यादा घातली. नांगर दुसऱ्याच्या हाती दिला म्हणजे त्याचा हिशेबही दुसऱ्याचा झाला, असे या परंपरेने कुठेही म्हटलेले नाही.

जेवण घरून आणलेल्या डब्यांचे झाले. त्यात शेतकऱ्याकडची गरम ज्वारीची भाकरी आणि ताज्या तुरीच्या डाळीचे वरण, कांदा-लसणाशिवाय, आजींच्या देखरेखीखाली केलेले. नात दोन भाकरी जेवली. घरी ती अर्धी पोळी टाकून उठते, हे सूनबाईंनी शेतकऱ्याच्या पत्नीला हळूच सांगितले.

जेवणानंतर शेतकऱ्याने एक कागद वाचून देण्यासाठी पत्र्याची पेटी उघडली. बँकेचा तो कागद शोधताना तारेत ओवलेल्या हिशेबपट्ट्यांचा गठ्ठा बाहेर आला. त्या आजोबांच्याच दुकानाच्या होत्या, दरवर्षीच्या, एकही न हरवलेल्या. आजोबांनी सहज चाळल्या. माल, वजन, भाव, हमाली, तोलाई. आणि प्रत्येक पट्टीवर त्यांच्याच अक्षरात एक ओळ: कडता, क्विंटलमागे एक किलो. ओलावा, माती, घट या नावाने वजनातून सोडायची ही जुनी कपात. नियमाने तिला जागा नाही, पण प्रथेने ती काही ठिकाणी चालत आलेली. कुणी सुरू केली ते आठवत नाही. बंद करायला सांगायचे मात्र राहून गेले. शेतकऱ्याने तक्रार केली नव्हती. आजही केली नाही. आजोबांनी बँकेचा कागद वाचून दिला आणि पट्ट्या पुन्हा होत्या तशा तारेत ओवून ठेवल्या.

उन्हे कलण्याआधी सर्वजण सहस्रकुंडाला गेले. इस्लापूरपासून थोड्याच अंतरावर पैनगंगा काळ्या कातळावरून अनेक धारांनी खाली झेपावते, त्यावरून हे नाव पडले. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी इथे मराठवाडा आणि विदर्भ यांच्या मधून वाहते. अलीकडचा काठ नांदेडचा, पलीकडचा यवतमाळचा. काठावर महादेवाचे मंदिर आहे. पावसाळ्यात धबधबा रौद्र असतो आणि त्याचा आवाज दूरवर जातो. पौषात पाणी ओसरलेले, धारा वेगवेगळ्या मोजता येण्यासारख्या. नातीने त्या मोजायला सुरुवात केली आणि वीसच्या पुढे गोंधळून पुन्हा पहिल्यापासून धरले. कातळ निसरडा असल्याने सूनबाईंनी तिचा हात एकदाही सोडला नाही.

मूल घेऊन या बाजूला येऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. चातुर्मासात काळी माती पायाला चिकटते, नदीला पूर असतो आणि जमीन जीवजंतूंनी भरलेली असते. त्या चार महिन्यांत प्रवास आवरता घेण्याची आपली रीत शेतात उभे राहिले की आपोआप पटते. गाळण्याचे जाड कापड, कडीची बादली आणि कोरडा फराळ बरोबर असावा. मुलाच्या पायात बंद बूट असावेत. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हायचे असेल तर धबधबा दुपारीच पाहून घ्यावा. मुक्काम नांदेडला केल्यास दुसऱ्या दिवशी हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूरच्या मल्लिनाथ अतिशय क्षेत्राचे दर्शन घेता येते. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आखल्यापासून पैसे देऊन राहता येईल अशी शेतेही महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाली आहेत. परंतु व्यापारी कुटुंबांना त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. खतावणीतील प्रत्येक पान कुठल्या ना कुठल्या शेताच्या धुऱ्यापर्यंत जाते, आणि तिथले निमंत्रण बहुधा कधीच येऊन पडलेले असते.

चौविहाराची वेळ साधून चौघांनी नदीकाठीच डबे संपवले आणि गाडी परतीला लागली. हिमायतनगर येण्याआधीच नात झोपली. तिच्या बुटांना काळी माती होती आणि मुठीत तुरीची एक वाळलेली शेंग.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात तुरीची आवक चांगली होती. पहिल्या शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला, मापाड्याने वजन पुकारले आणि नेहमीप्रमाणे कडत्यासाठी आजोबांकडे पाहिले. आजोबांनी मान हलवून नकार दिला. मापाड्याला वाटले, ऐकण्यात चूक झाली. त्याने पुन्हा विचारले.

"पूर्ण वजन लिही," आजोबा म्हणाले. "आणि उद्यापासून कुणालाच विचारू नकोस."

मग त्यांनी जुनी खतावणी मागवली, इस्लापूरचे पान काढले आणि मागच्या सर्व वर्षांच्या कडत्याची बेरीज करायला बसले. शाळा सुटल्यावर दुकानात आलेल्या नातीने ती वाळकी शेंग गल्ल्याजवळ ठेवली आणि आलेल्या प्रत्येकाला बजावून सांगितले, की तूर ट्रकमधून येत नाही.